देवळाला दिलेली माणसं

बातमी एसटीच्या कंडक्टरनं आणली. तो आमच्याच चर्चच्या मंडळीतला, नांदेड-लातूर गाडीवर असतो. मी स्टँडमागं टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभा होतो. तो पिशवी काखेत मारून माझ्याकडंच आला आणि म्हणाला, "काका, यशया मास्तर गेले. विष्णुपुरीला, पोराकडं. माती बी झाली." मी "बरं" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पुढची बाई सरकली तसा मीही सरकलो, नंबर आला, घागर भरली, घरी आलो. रांजणात पाणी ओतताना ध्यानात आलं, मास्तर कशानं गेले ते विचारायचंच राहिलं… पण परत गेलो नाही. ज्या माणसावर मी देवाच्या खालोखाल भरवसा ठेवला आणि ज्यानं तो मोडला, त्याच्या मरणाची बातमी कशी ऐकायची असते ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

त्यानंतर मास्तरांवर पेपरात बरंच छापून आलं. गरिबाघरची पोरं शिकवली, मिशनची शाळा चालवली, दुष्काळात माणसं जगवली. सगळं खरं आहे. त्यातला एक शब्दही मी खोडणार नाही. पण मी त्यांच्या शाळेत शिकलो नाही. मी चौथीतनं उठलेला माणूस. मी मास्तरांकडून एकच धडा शिकलो, तो बायबलच्या जुन्या करारातला, आणि तोही असा की बाकीचे लोक ती पानं आली की बोटाला थुंकी लावून पुढं जातात. तिथं नुसती नावं आहेत. अमक्याची मुलं, तमक्याची मुलं, पानंच्या पानं.

आमची भेट मोठ्या दुष्काळातली. गावची विहीर आटली तेव्हा मी आणि माझी बायको गोदा अहमदपूरकडून लातूरला आलो आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडायला लागलो. शाळा बंद पडली होती, पगार थकला होता, म्हणून मास्तरांनी त्याच कामावर हजेरी घ्यायचं काम धरलं होतं. उंच, वाळकं शरीर, अंगात पांढरा शर्ट, आणि आवाज असा की खडीच्या ढिगापलीकडची बाईसुद्धा ओ देईल. मुकादम आम्हाला "ए टोपीवाल्या", "ए लांबडे" म्हणायचा. मास्तर पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "बापाचं नाव?" मी म्हणालो, "गणपत." त्यांनी मान वर करून मोठ्यानं हाक दिली, "लक्ष्मण गणपत!" समोरच उभा होतो मी, तरी एवढ्यानं हाक दिली.

माझा बाप पोतराज होता. लहानपणी देवी आली, जगेना, म्हणून आजीनं त्याला मरीआईला सोडला. केस वाढवले, कमरेला चिंध्या, हातात आसूड, आई हलगी वाजवणार आणि बाप स्वतःच्या अंगावर फटके ओढणार. गावात त्याला कुणी गणपत म्हटलेलं मी ऐकलं नाही. "पोतराज आला", "पोतराज गेला". भावकीतली सगळी घरं दीक्षेच्या वेळी बौद्ध झाली, माझा बाप देवीच्या भयानं मागं राहिला आणि भावकीनं त्याचं नाव टाकलं. सुगी झाली की गावात हेळवी यायचा. बैलावर बसून, घंटा वाजवत. पाटलाच्या दारात बसायचा आणि पाटलाच्या आज्या-पणज्याची नावं गाऊन दाखवायचा, पदरात जोंधळे घेऊन जायचा. आमच्या वस्तीच्या वाटेवर त्याचा बैल कधी थांबला नाही. म्हणून म्हणतो, खडीच्या कामावर त्या दिवशी बापाचं नाव सगळ्यांसमोर ऐकलं तेव्हा माझ्या हातातला हातोडा खाली राहिला.

दुपारच्या सुट्टीत कामावर मिळणारी सुकडी खाऊन झाली की मास्तर बाभळीखाली पुस्तक उघडायचे. बाया म्हणायच्या, "मास्तर, आज नावं नगं, गोष्ट सांगा." मास्तर म्हणायचे, "हीच गोष्ट हाय." एक म्हातारी तर रोज विचारायची, "ह्यात लढाई कवा हाय?" मास्तर हसायचे. मग सांगायचे. लढाई होऊन गेलेली आहे. शहर जाळलं, देऊळ पाडलं, माणसं धरून बाबेलला नेली. दोन-तीन पिढ्या तिकडंच गेल्या. मग एक राजा म्हणाला, जा परत. आता परत आलेल्या माणसांनी आधी काय केलं असेल? भिंत बांधली? विहीर खोदली? न्हाई. आधी कोण कुणाचा ते लिहून काढलं. का, तर मुलूख गेला, घर गेलं, भाषा निम्मी गेली. माणसाजवळ दाखवायला बापाचं नाव तेवढं उरलं होतं. "वंशावळ मोठ्या लोकांनी मिरवायला न्हाई लिहिली," मास्तर म्हणायचे, "हरवलेल्यांनी एकमेकाला वळखायला लिहिली." काहींना तर आपण कोणत्या घराण्याचे ते सांगताच आलं नाही. तेही त्या यादीत आहेत. सांगता आलं नाही असं लिहून, पण आहेत.

मग पुजारी येतात, गाणारे येतात, दारावरचे येतात, आणि त्यांच्या मागं देवळाचे चाकर. लाकडं तोडणारे, पाणी भरणारे. त्यांना नथीनीम म्हणत. मी विचारलं, म्हणजे काय? मास्तर म्हणाले, "म्हणजे दिलेली माणसं. राजानं देवळाला देऊन टाकलेली." मला काही समजवावं लागलं नाही. माझा बाप तसाच दिलेला होता. मी म्हणालो, "देताना त्यांना कुणी इचारलं व्हतं का?"

मास्तरांनी पानावर बोट ठेवलं. "न्हाई इचारलं," म्हणाले. "पण नावं लिहिली, लक्ष्मणराव. एकेका घराचं नाव लिहिलं. परक्या मुलखातली नावं हायेत, वाचताना जीभ अडकती, तरी गाळली न्हाईत."

मला "राव" लावणारा तो पहिला माणूस. गोदा घरी येऊन दोन दिवस मला "राव, भाकरी वाढू का?" म्हणून चिडवत होती.

पाऊस झाला, काम बंद पडलं, लोक गावाकडं फिरले. आम्हाला फिरायला शेत नव्हतं. मास्तर आम्हाला मिशनच्या आवारात घेऊन आले. चर्च लहान, दगडी. महिन्यातून एकदा बाहेरून पाळक यायचे, बाकीचे रविवार मास्तरच चालवायचे. चर्चच्या मागच्या भिंतीला लागून रस्त्याकडच्या बाजूला एक खोली होती, आत मोडकी बाकं भरलेली. मास्तरांनी स्वतः बाकं बाहेर काढली. गोदाला म्हणाले, "वहिनी, त्या नथीनीमांची घरं बी देवळाला लागूनच व्हती, टेकडीवर. ही तुमची. झाडा, पाणी भरा, घंटा वाजवा. देऊळ हाय तवर खोली हाय." पुढं आमचा बाप्तिस्मा झाला. पाळक म्हणाले, नवं नाव ठेवू. मास्तर म्हणाले, "नगं. बापानं ठेवलेलं हाय, वंशावळ तुटू नये." पाळकांनी तेच नाव लिहिलं. असा माणूस होता. हे सगळं मी सांगतो ते एवढ्यासाठी की पुढचं वाचताना कुणाला वाटू नये, मास्तर पहिल्यापासून दगाबाज होते. पहिल्यापासून असते तर बरं झालं असतं. मी सावध राहिलो असतो.

त्या खोलीत आमचा संसार झाला. गोदा पहाटे चर्चच्या पायऱ्यांवर सडा टाकायची, आत सतरंज्या झटकून अंथरायची, आणि लोक आले की सगळ्यात मागं बसायची, धूळ कुठं राहिली ते बघत. आम्हाला मूल झालं नाही. एकदा नाताळाच्या आदल्या दिवशी ती रंगाचा ब्रश घेऊन भिंतीशी उभी होती आणि मास्तर वंशावळीवरच काही बोलत होते. ती मधेच म्हणाली, "मास्तर, आमच्या पुढं काय न्हाई बगा. आमी गेलो की नाव बुडालं." मास्तर म्हणाले, "वहिनी, तुमचं नाव ह्या भितीला लागलंय. ही भित हाय तवर बुडत न्हाई." मूल नसलेल्या बाईला असं बोलल्यावर तिला ती खोली काय वाटली असेल? मला ती राहायची जागा होती. तिला तो वंश होता.

मग लातूर जिल्हा झाला. पेढे वाटले, फटाके उडाले, आम्हीही पेढा खाल्ला. धाराशिवला मारायच्या खेपा वाचल्या म्हणून लोक खूश. बघता बघता ऑफिसं आली, साहेब आले, आणि ज्या रस्त्याला संध्याकाळी बकऱ्या बसायच्या तिथं जागेला भाव आला. आमच्या खोलीची मागची भिंत त्या रस्त्यावर. चर्चच्या पंच कमिटीतल्या एकानं कल्पना काढली, रस्त्याच्या बाजूनं गाळे काढायचे, भाड्यातनं चर्चचा खर्च भागेल. गाळे काढायचे तर खोली पाडायची. मास्तर कमिटीचे अध्यक्ष. मी त्यांच्याकडं गेलो. ते मिशननं दिलेल्या क्वार्टरच्या अंगणात दाढी करत होते. म्हणाले, "लक्ष्मणराव, कोण काय बी बोलू द्या. माझा हात वर जाणार न्हाई." गोदाला येऊन सांगितलं तर ती म्हणाली, "मला ठाव हाय. तुमी उगं गेला इचारायला."

रविवारी उपासना झाल्यावर सगळ्या मंडळीला बसवून घेतलं. ठराव वाचला. ज्यांना पसंत आहे त्यांनी हात वर करा, म्हणाले. हात वर गेले, बरेच गेले, ठराव तेवढ्यावरच झाला होता. अध्यक्षानं हात वर करायची गरजच नसते. समसमान झालं तरच अध्यक्षानं मत द्यायचं, हे मला मास्तरांनीच कधीतरी सांगितलेलं. मी त्यांच्याकडं बघत होतो. ते टेबलाच्या कडेकडं बघत होते. आणि त्यांचा हात वर गेला. सावकाश गेला, कोपरात वाकलेला, पण गेला.

गोदा मागं सतरंजीवर बसली होती. ती उठली. बायका तिचा पदर ओढू लागल्या, पण ती उभीच. म्हणाली, "मास्तर, देवळाच्या चाकरांची घरं देवळाला लागून व्हती असं तुमीच सांगितलं व्हतं."

मास्तर म्हणाले, "व्हती, वहिनी. पण ती माणसं दिलेली व्हती. दिलेल्या माणसानं हक्क सांगायचा नसतो. घर देवाचं व्हतं."

"मग तुमी राहता ते क्वार्टर कुणाचं हाय?" गोदा म्हणाली. "त्याला बी गाळं निघतील की दोन-चार."

लोक हसले. कमिटीवालेही हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी पुस्तक मिटलं आणि शेवटची प्रार्थना सुरू केली, म्हणजे सगळ्यांना डोळे मिटावे लागले. मी मिटले नाहीत. तेच पान, तीच नावं, तोच आवाज… खडीच्या कामावर ज्या पानानं मला बाप दिला त्याच पानानं चर्चमधे माझं घर काढून घेतलं. मला खोली गेल्याचं तेवढं वाटलं नाही. पाडणारे पाडतच असतात. पण मास्तरांनी ते पान वापरायला नको होतं. कमिटीला पैसे पाहिजेत एवढं सरळ बोलले असते तर मी त्यांना आजही मास्तर म्हणून डोक्यावर घेतलं असतं.

आम्ही गावाबाहेर पत्र्याची खोली भाड्यानं घेतली. मी चर्चचं काम सोडलं, हमालीला लागलो, रविवारी पायसुद्धा टाकेना. गोदा मात्र शनिवारी संध्याकाळी फडा उचलून चालत निघायची. मी लई बोललो तिला. म्हणालो, "लाज न्हाई का? ज्यानं घर मोडलं त्याच्या दारात झाडतीस?" ती चपला शोधत म्हणाली, "मास्तरच्या दारात झाडत न्हाई मी. आन ते तुमचे दिलेले लोक बाबेलहून परत आले व्हते का न्हाई? राजा जा म्हणाला, पर ढकललं कुठं व्हतं? आपल्या पायानं आले ते. हे मास्तरनं कवा सांगितलं न्हाई, पर मी ऐकत असताना मला कळलं." मी म्हणालो, "जा मग." ती गेली. दर शनिवारी गेली. एकदा तापात गेली, भिजून आली, आणि त्यातनं उठली नाही.

तिच्या मातीला प्रार्थना मास्तरांनीच केली. पाळक बाहेरगावी होते, दुसरं कोण करणार? मला चाललं नसतं, पण गोदा मातीची वाट बघत पडली होती. ते म्हणाले, गोदाबाई देवळाची खरी सेविका होती, तिचं नाव जीवनाच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. मी मनात म्हणालो, पुस्तकात सगळ्यांचीच नावं आहेत, मास्तर. अडलं होतं ते एका खोलीपाशी.

मास्तरांच्या पोरानं नांदेडजवळ विष्णुपुरीला बोलावलं तेव्हा जायच्या आधी ते माझ्या पत्र्याच्या खोलीवर आले. म्हातारे झाले होते. दाराशी वाकून आत आले, मी चहा टाकला. बराच वेळ पावसाचं, कुणाकुणाच्या पोरांचं बोलले. मला वळसे येत नाहीत. मी विचारलं, "मास्तर, हात का वर केला? गरज नव्हती."

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "कमिटी माझ्यावर उलटली असती. क्वार्टर गेलं असतं, पोराचं शिक्षण अर्ध्यात व्हतं… आणि मला वाटलं, तुमी समजून घ्याल. बाकी कुणाकडं मागितलं असतं तर भांडण झालं असतं. तुमी माझे व्हता."

"म्हणून आमचं दिलं."

"म्हणून," ते म्हणाले.

त्या एका शब्दात मला सगळी वंशावळ कळली. राजानं देवळाला माणसं दिली असं लिहिलंय ना? राजानं स्वतःची पोरं दिली नव्हती. जी हाताशी होती, जी नाही म्हणणार नाहीत, ती दिली. माझ्या आजीनं माझा बाप दिला, ती बिचारी तरी स्वतःचं पोर देत होती. मास्तरांनी आम्हाला दिलं आणि दान आपल्या नावावर लिहिलं. मी हे त्यांना तोंडावर बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. नाही म्हणाले नाहीत, माफ करा असंही म्हणाले नाहीत. जाताना दाराशी वळून "लक्ष्मणराव" एवढंच म्हणाले आणि गेले.

आता गेले तेव्हा मातीला मी नव्हतो. महिनाभरानं एका शनिवारी सकाळची गाडी धरून विष्णुपुरीला गेलो. का गेलो, सांगता येत नाही. धरणाच्या कॉलनीत पोराचं क्वार्टर. पोरगा कामावर होता, सून घरात. चांगली पोरगी आहे. म्हणाली, "काका, त्यांची खोली बघायची का?" पुढं दोन मोठ्या, हवेशीर खोल्या असताना ती मला स्वयंपाकघराच्या मागं घेऊन गेली. तिथं धान्याची कोठी होती, भिंतीला लागून. एक खाट बसेल एवढी. म्हणाली, "आम्ही किती म्हटलं, पुढं झोपा. ऐकलंच नाही. आले त्या दिवशी स्वतः पोती बाहेर काढली. लोक आम्हाला नावं ठेवत होते, म्हाताऱ्याला कोठीत टाकलं म्हणून." खाट तशीच होती. उशाला चष्मा, पुस्तक, आणि खिडकीतनं धरणाची धूळ येऊन जमिनीवर बसलेली. कोपऱ्यात केरसुणी होती. माझा हात सवयीनं तिकडं गेला, आणि मी तो मागं घेतला. मळलेली जमीन बघून ती तशीच टाकून मी आयुष्यात पहिल्यांदा उठलो. मास्तर, लहान खोलीत जाऊन पडणं अवघड नसतं. त्या रविवारी टेबलाखाली हात धरून बसायचं होतं, तेवढंच अवघड होतं.

चहा झाल्यावर सून म्हणाली, "काका, मामंजी सांगून गेलेत. लक्ष्मणराव आले तर ही खोली त्यांना द्यायची. तुमचं तिकडं कुणी नाही. राहा ना इथंच." ती मनापासून बोलत होती. बाहेर नळाला पाणी होतं, पुढच्या खोलीत पोरं दंगा करत होती. लातूरला पत्रा तापून बसलेला.

मी चपला घातल्या. ती म्हणाली, "निदान आजचा दिवस तरी?"

मी म्हणालो, "न्हाई बाई. गोदा गेल्यापासून चर्च मी झाडतो. उद्या रविवार हाय."